जपानचे डोहाळे

शैलेश नाखवाच्या नावाने बोललेला नवस शैलेशलाच सगळ्यांत शेवटी कळला. त्याच्या आईने, भीमाबाईंनी, तो कार्ल्याला एकवीरेसमोर उभं राहून बोलला, घरी येऊन सुनेला सांगितला, फोन करून मोरा बंदरातल्या जुन्या तीन-चार शेजारणींना सांगितला. शैलेशला तो रविवारी जेवायला बसल्यावर समजला. सगळ्यांच्या ताटात तळलेली सुरमई होती. त्याच्या ताटात कोंबडीचा रस्सा होता.

"माझी सुरमई कुठाय?"

"तुझी बंद," भीमाबाई म्हणाल्या. "रोशनी सुखरूप सुटंपर्यंत. देवीला बोलले मी."

रोशनी शैलेशची धाकटी बहीण. तिला दोनदा दिवस गेले होते आणि दोनदा राहिलं नव्हतं. या खेपेला तिसरा महिना पार पडला, तशा भीमाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी कार्ल्याच्या पायऱ्या चढून गेल्या आणि मुलाची मासळी देवीला देऊन आल्या.

"मग तू का नाही सोडलीस?" शैलेशने विचारलं.

"मी म्हातारी. माझ्या दोन घासांचं देवीला काय पडलंय? आनि होनाऱ्या पोराचा मामा तू. मामानं सोडायची असते."

मामाने मासळी सोडण्याची ही प्रथा शैलेशने आजवर ऐकली नव्हती. त्याची बायको किशोरी अलिबागकडची. तिनेही ऐकली नव्हती. तिने फक्त कामाचं तेवढं विचारून घेतलं.

"आई, कोंबडी चालते ना पण?"

"कोंबडी चालते, मटन चालते, अंडं चालते. मासळी नाय. सुकी नाय, ओली नाय, कोलंबी नाय, कालवं नाय."

शैलेश उरणच्या बंदरात कंटेनर उचलणाऱ्या क्रेनच्या देखभालीचं काम करतो आणि पनवेलजवळ करंजाड्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. भीमाबाईंनी सगळं आयुष्य मोऱ्याला मासळी विकली. गुडघ्यांनी त्रास द्यायला लागल्यापासून त्या त्याच्याकडे असतात. त्या घरात आठवड्यातले दोन-तीन वार सोडले तर मासळीशिवाय चूल पेटत नाही. शैलेशचा नवसावर विश्वास नाही. हे तो त्या रविवारी बोलूनही दाखवू शकला असता आणि किशोरीच्या ताटातला तुकडा उचलू शकला असता. पण त्यानंतर रोशनीला जे काही झालं असतं, ते सगळं त्या एका तुकड्यामुळे झालं असं ठरलं असतं. दुसऱ्यांनी ठरवलं नसतं तरी त्याने स्वतः ठरवलं असतं. त्याने निमूट रस्सा भात कालवला.

चार महिने त्याने तो कालवला. मग कंपनीने त्याला दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी योकोहामाला पाठवायचं ठरवलं.

ही बातमी घरात आली त्या दिवशी रोशनी बाळंतपणासाठी माहेरी येऊन आठवडा झाला होता. डॉक्टरांनी तिला फार हिंडू-फिरू नको म्हणून सांगितलं होतं. दिवसभर ती हॉलमधल्या दिवाणावर पडून फोनवर व्हिडिओ बघायची, आणि ते व्हिडिओ नेमके जपानचे असायचे. कोणीतरी प्रवासी चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात शिरायचा, फळ्यांवरून एकेक पाकीट उचलायचा, बाहेर बाकावर बसून खायचा आणि डोळे मिटायचा. भाताचे त्रिकोणी गोळे, अंड्याची सँडविचं, तांदळाच्या चकत्या, रंगीत गोळ्या. रोशनीला बाकी कशाचे डोहाळे लागले नव्हते. तिला याचेच लागले होते.

"दादा, तू सगळं खायचं," तिने फर्मावलं. "एकेक. आणि मला रोज सांगायचं. नुसतं छान आहे म्हणू नकोस. कसं आहे ते सांग. आणि येताना बॅग भरून आणायची."

"अगं, तिकडे सगळी मासळीच असते."

"मग मासळी नसलेलं खा. एवढ्या मोठ्या देशात काय फक्त मासळीच मिळते?"

"पोटुशी बाई मागतेय, नाय म्हनू नये," भीमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आनि मासळीला हात लावू नको."

या दोन्ही सूचना त्या एका दमात देत होत्या आणि त्यांत काही अडचण आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

शैलेशबरोबर प्रणित होता. कोन गावचा, वयाने लहान, त्याच बंदरात इलेक्ट्रिकचं काम बघणारा. प्रणितवर कुठलाही नवस नव्हता. योकोहामात पहिल्याच संध्याकाळी त्याने रस्त्यावरच्या टपरीवर ऑक्टोपसचे, म्हणजे आठ पायांच्या माकुलाचे, गरम गोळे घेतले. वर लाकडाच्या भुशासारखा काहीतरी चुरा पसरलेला होता आणि तो वाफेने हलत होता.

"भाऊ, जिवंत हाय काय बघा," प्रणित म्हणाला आणि अख्खा गोळा तोंडात टाकून भाजलेल्या जिभेने बराच वेळ हू-हू करत राहिला. "एक घ्या ना. देवी काय पासपोर्ट काढून मागे आली नाय."

शैलेश त्या टपरीपासून दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला, कारण वास चांगला होता.

त्याने आपली एक पद्धत बसवली. दुकानात शिरायचं, मासळीची खोकी, डबे, चित्रं दिसतात ती फळी सोडायची. संशय आला तर फोनवर जपानीत लिहून घेतलेलं वाक्य काउंटरवरच्या मुलीला दाखवायचं: यात मासा आहे का? मुलगी पाकीट उलटसुलट करून बघायची, कमरेत वाकायची आणि नाही म्हणायची. मग तो ते बाहेर नेऊन खायचा आणि रोशनीला फोन लावायचा. तिथे संध्याकाळ असायची तेव्हा इकडे चारचा चहा चाललेला असायचा.

"मेलनपान म्हणून पाव आहे. वरून नानकटाईसारखा. आतून आपला नेहमीचा पाव."

"मेलनची चव?"

"नाही. फक्त दिसायला."

"म्हणजे फसवतात?"

"मला काय माहीत. चांगला लागतो."

"दादा, तू फार वाईट सांगतोस. तो व्हिडिओतला माणूस बघ कसा सांगतो."

"त्याला पैसे मिळतात."

अंड्याच्या सँडविचला त्याने मनापासून चांगलं म्हटलं. हॉटेलच्या नाश्त्याला अंड्याची गोडसर, घडी घातलेली वडी मिळायची. ती तो रोज दोन-दोन घ्यायचा. एका दुकानात काउंटरपाशीच मोठ्या भांड्यात रस्सा रटरटत होता आणि त्यात मुळ्याचे जाड काप, उकडलेली अंडी वगैरे सोडलेलं होतं. ते हवं ते बोट दाखवून घ्यायचं. त्याने मुळा आणि अंडं घेतलं. मुळ्यात काय असणार, म्हणून विचारलंही नाही.

"रोशनी, मुळा असा असतो हे मला माहीत नव्हतं," त्या दिवशी तो म्हणाला. "नुसता मुळा. पण चव अशी, की काय घातलंय कळत नाही. रस्सासुद्धा प्यायलो."

"हां, आता जरा बरं सांगितलंस."

सगळा घोटाळा झाला तो नवव्या-दहाव्या दिवशी, एका गोड पदार्थावरून. स्टेशनाबाहेर एक म्हातारा लोखंडी साच्यात पीठ ओतून माशाच्या आकाराचे केक भाजत होता. आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. शैलेशने एक विकत घेतला आणि व्हिडिओ कॉल लावला. रोशनीच्या ऐवजी फोन भीमाबाईंच्या हातात होता.

"शैल्या! हातात काय हाय ते?"

"आये, हे गोड आहे. पुरण आहे आत."

"डोळं दिसतायत मला. खवलं दिसतायत."

"पिठाची आहेत खवलं. साच्यातून काढतात."

"शेपूट हाय."

"आये, शेपटीतपण पुरण आहे!"

"ठेव खाली. ठेव आदी. देवीला लांबून काय दिसनार, पुरन का मांस? तिला मासा दिसनार."

मागून रोशनीच्या हसण्याचा आवाज येत होता. रस्त्यावरचे लोक एका माणसाला फोनवर ओरडताना बघून बाजूने जात होते. शैलेशने तो केक प्रणितला दिला. प्रणितने आधी डोकं खाल्लं.

"साधा शिरा हाय भाऊ," तो म्हणाला. "तुमची आई म्हंजे कस्टमवाले."

बाकीचे दिवस शैलेशने तळलेली कोंबडी, अंडी, पाव आणि तांदळाच्या चकत्या यांवर काढले. चकत्या त्याला फार आवडल्या. आपल्याकडच्या पापडीसारख्या, पण जाड, भाजलेल्या आणि वरून खारट-गोड रस लावलेल्या. खोलीवर तो त्या चहाबरोबर खायचा. तांदळाची वस्तू, ती कोणाला दाखवून विचारावी असं त्याच्या मनातही आलं नाही. जन्मापासून त्याने जी मासळी पाहिली तिला डोकं, शेपूट, काटा होता, ती आंबट कालवणात असो की तव्यावर, समोर दिसत होती. त्याच्या घरात मासा कशात घालून लपवत नाहीत. मासा आहे हे तर आधी सांगतात.

तो परत आला तेव्हा दारातच किशोरीने त्याच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "बारीक झालात." भीमाबाई म्हणाल्या, "नाय, रया गेली, पन चेहऱ्यावर तेज हाय. नवसाचं." शैलेश बूट काढत राहिला. विमानात त्याला दिलेला शाकाहारी डबा आणि नवसाचं तेज यांच्याबद्दल त्याला बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. भीमाबाई डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या आणि ओटीचं सामान घ्यायला पनवेलच्या बाजारात गेल्या. रोशनीने बॅग दिवाणावर उपडी केली.

"थांब," किशोरी म्हणाली. "आधी मी बघते. काहींत दारू असते म्हणे, चॉकलेटात वगैरे. तुला चालणार नाही."

ती एका फार्मा कंपनीत गुणवत्ता तपासणीत काम करते. पाकिटाच्या पुढच्या बाजूकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. एकेक पाकीट उलटं ठेवून फोनचा कॅमेरा मागच्या बारीक अक्षरांवर धरायचा, पडद्यावर भाषांतर येईल ते वाचायचं आणि मग रोशनीकडे सरकवायचं, असं तिने सुरू केलं. गोळ्या पास झाल्या. हिरव्या चहाची बिस्किटं पास झाली. शैलेशने स्वतः तांदळाच्या चकत्यांचं पाकीट पुढे केलं. रोशनीने धीर न धरता ते फोडलं आणि एक चकती दाताखाली धरली.

"वा! दादा, हे तू नीट सांगितलंच नव्हतंस."

"दारू नाही," किशोरी वाचत होती. "तांदूळ. सोया सॉस. साखर. बोनिटोचा अर्क." ती थांबली. "बोनिटो काय?"

"असेल काहीतरी मसाला," शैलेश म्हणाला.

किशोरीने शोधलं. मग फोन त्याच्यापुढे धरला. पडद्यावर निळसर पाठीचा, पोटावर पट्टे असलेला मासा होता. असला मासा ओळखायला मोऱ्याच्या माणसाला फोन लागत नाही.

"कुपा," शैलेश म्हणाला.

"कुप्याच्या जातीतला. वाळवून, धूर देऊन त्याचे कीस करतात आणि त्याचं पाणी काढतात." ती पुढे वाचत गेली, कारण काम अर्धवट सोडणं तिला जमत नाही. "त्याला दाशी म्हणतात. हे सगळ्यात असतं म्हणे. सूपमध्ये, भाज्यांत. तुम्ही तो मुळा खाल्लात ना, रस्स्यातला?"

"किशोरी, पुरे."

"तो रस्सा त्याचाच. आणि अंड्याची ती गोड वडी..."

"पुरे म्हटलं ना!"

"म्हणजे तुम्ही पहिल्या सकाळपासून..." ती बोलायची थांबली. पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

शैलेश दिवाणाच्या कडेला बसला. त्याला सगळ्यांत आधी संताप आला तो त्या मुळ्याचा. मग टपरीपासून दहा पावलांवर उभा राहिलेला तो स्वतः त्याला आठवला. मासा नसलेला मासा त्याने प्रणितला देऊन टाकला होता आणि मासा असलेली पापडी खोलीवर बसून चवीने खाल्ली होती. एवढं करूनही जर नवस मोडणारच होता, तर तो गरम गोळा खाऊन तरी मोडायला हवा होता.

"बरं, जाऊ दे," तो म्हणाला. "कोण मानतंय? आयेला सांगायचं नाही म्हणजे झालं."

पाच महिने रोशनी या नवसाला हसत आली होती. आता तिने उरलेली चकती पाकिटावर ठेवून दिली होती आणि तिचे दोन्ही हात पोटावर होते. ते तिने मुद्दाम ठेवले नव्हते.

"रोशनी, अगं, तू पण?"

"मी कुठे काय म्हणतेय?"

"आपण असल्या गोष्टी मानत नाही."

"मग तू का नाही खाल्लंस?" ती म्हणाली. "चार महिने इथे, दोन आठवडे तिथे. मानत नव्हतास तर खायचं होतंस ना सरळ. का नाही खाल्लंस?"

याला उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. आणि तिला ते माहीत होतं.

दार उघडून भीमाबाई आल्या. त्यांच्या एका पिशवीत बांगड्यांचं खोकं होतं आणि दुसऱ्या पिशवीतून कोथिंबिरीच्या काड्या बाहेर आल्या होत्या. त्यांनी तिघांकडे पाहिलं.

"काय झालं? पोटात दुखतंय काय गो?"

"नाही," रोशनी म्हणाली.

शैलेशने सांगून टाकलं. मुळा, अंड्याची वडी, चकत्या, सगळं. बाजू मांडल्यासारखं न सांगता घटनाक्रमाने सांगितलं. भीमाबाई चप्पल न काढता ऐकत उभ्या होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी चप्पल काढली.

"मासा दिसला ताटात?"

"नाही."

"काटा लागला?"

"नाही. पण आये, अर्क..."

"अर्क काय असते? तुला ठावं नवतं. ठावं नसताना खाल्लं त्याचं देवी मनावर नाय घेत. ती काय पाकिटं उलटी करून वाचत बसलेय?" आणि त्यांनी सुनेकडे बघितलं. किशोरीने फोन खाली ठेवला.

शैलेशचा आवाज चढला. "आणि तो पुरणाचा केक? तो मैद्याचा होता! त्याच्यावरून तू मला स्टेशनाबाहेर शंभर लोकांत..."

"तो तू बघून खात होतास."

"मैदा बघून खात होतो!"

"ओरडू नको. ती बसलेय समोर." भीमाबाई रोशनीशेजारी बसल्या. "हे बघ, मोडला तं मोडला. मंगळवारी मी जाऊन देवीची ओटी भरते, चूक कबूल करते. ती बी आपलीच हाय, ती समजते. आनि तुला आता सुटला. आजपासून खा. बाजारात बोंबील मस्त मिळाले, पिशवीत हायेत. तळते तुला."

पाच महिने शैलेश याच वाक्याची वाट बघत होता. बोंबील पिशवीत होते. आईची परवानगी होती. देवीच्या वतीने सुटका झाली होती. नवस ज्यांनी बोलला त्यांनीच तो मागे घेतला होता आणि त्यात एका शब्दाचीही खोच नव्हती.

रोशनी जमिनीकडे बघत होती.

"नको," शैलेश म्हणाला.

"नको काय?"

"बोंबील नको. मोडला तो तुझा होता. आता मी बोलतो." हे आपण म्हणतोय याचाच त्याला राग येत होता. "बाळाचं जावळ होईपर्यंत मासळी खाणार नाही. अर्कसुद्धा नाही. किशोरी वाचून दाखवेल."

"गप बस रं!" भीमाबाई ताडकन उठल्या. गुडघ्याने त्यांना तिथेच अर्ध्यात धरलं. "जावळ म्हंजे काय आठ दिवसांचं काम हाय? वरीस जाते, तीन वर्सं जातात! नाखव्याचा पोर तीन वर्सं मासळीबिगर? लोक काय म्हनतील, काय आजार झालाय? मी बोलले तं बाळंतपनापुरतं बोलले, हिशोबानं बोलले. तुला बोलायची अक्कल नाय तं कशाला बोलतोस?"

"बोलून झालं."

"परत घे!"

"घेता येतं का परत?"

परत घेता येत नाही, हे भीमाबाईंनीच सगळ्या गल्लीला शिकवलेलं होतं. त्या बोंबलांची पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी वाजायला लागली.

"तुम्हाला जमणार नाही हे," किशोरी हळू आवाजात म्हणाली.

"माहितेय."

"नारळीपौर्णिमेला मोऱ्याला जाल तेव्हा?"

"किशोरी, मला आत्ता काही विचारू नकोस."

रात्रीच्या जेवणाला त्याच्या ताटात भेंडीची भाजी होती. भीमाबाईंनी मुद्दाम मीठ कमी घातलं असावं. बाकी तिघींनी बोंबील खाल्ले आणि त्यांचा तो कुरकुरीत आवाज टाळायचा कोणीही प्रयत्न केला नाही. तिसरा बोंबील संपवून रोशनीने बोटं चाटली.

"आई, जावळ पहिल्याच वर्षी करायचं."

"तुझी सासू तिसऱ्या वर्सी करते. त्यांच्यात तसंच हाय."

"त्यांच्यात असेल. माझ्या बाळाचं मी पहिल्या वर्षी करणार. उन्हाळ्यात नको पण, त्याला कार्ल्याच्या पायऱ्यांवर ऊन लागेल. थंडीत करू. दादा, तुझ्या मांडीवर बसवायचं असतं ना त्याला, तर तुझी सुट्टी बघून ठेव."

"आगो, आदी येऊ दे तं खरं त्याला," भीमाबाई म्हणाल्या. "आनि थंडीत टक्कल करतात काय पोराचं? सर्दी होल."

"टोपी घालू."

"टोपी काढून टाकतात पोरं."

"माझं नाही काढणार."

"तू स्वतः काढून फेकायचीस. मोऱ्याच्या धक्क्यावर तुझ्या तीन टोप्या गेल्या पान्यात."

दोघी टोपीवरून भांडत राहिल्या. शैलेशने त्यांच्यामधून हात घालून मिठाची बरणी ओढली आणि भेंडीवर मीठ घेतलं.